स्वस्त सुट्या भागांची किंमत कोण मोजतो?

२२ जुलै २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टीने हाहाकार उडविला. महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर सुमारे ४५ माणसे पुराच्या पाण्याने वेढली गेली आणि त्यांच्या सुटकेसाठी शासनाला हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. अशा प्रसंगी होड्या, दोरखंड, हेलिकॉप्टरे यांची चर्चा होते. परंतु या साऱ्या साधनांना एका सूत्रात बांधणाऱ्या एका लहानशा वस्तूचा उल्लेख क्वचितच होतो. ती वस्तू म्हणजे बिनतारी संच; लोकांच्या बोलण्यातला वॉकीटॉकी. वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ मोबाईलचे मनोरे मुके झाले की, एका काठावरच्या माणसाला दुसऱ्या काठावरच्या माणसाशी बोलण्यासाठी हाच एक भरवशाचा मार्ग उरतो. पूस आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यातील पोलीस ठाणे असो, शेजारच्या उमरखेड तालुक्यातील पैनगंगा अभयारण्यात गस्त घालणारा वनरक्षक असो, अथवा वणी भागातील कोळसा खाणीवरचा कामगार असो; ज्यांचे काम धोक्याचे, त्यांच्या कमरेला हा संच असतो.

हा संच बहुधा नामांकित कंपनीचा असतो आणि तो रीतसर निविदा काढून घेतलेला असतो. परंतु संच दहा वर्षे टिकला, तरी त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांतच दम सोडते. अँटेना मोडते, बोलण्याचे बटण घासते, चार्जर जळतो. मग या सुट्या भागांची फुटकळ खरेदी सुरू होते, आणि नेमके तेथेच पाणी मुरते. संच कितीही उत्तम असला तरी त्याचा भरवसा त्यात शेवटी बसविलेल्या भागाइतकाच असतो. बाजारात तर अशा संचांचे बनावट आणि निकृष्ट भाग मुबलक मिळतात. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो मुळात अर्थशास्त्राचा आणि त्याहून अधिक कार्यालयीन जबाबदारीचा आहे.

न दिसणारा दोष

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो. त्यामुळे घेणारा चांगल्या मालालाही सरासरीहून अधिक किंमत देण्यास तयार होत नाही, आणि अखेरीस चांगला माल बाजारातून हद्दपार होतो. याच विचारधारेतील कार्यासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान अन्य दोघांसह मिळाला. वाईट नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते, या जुन्या नियमाचेच हे भावंड म्हणावयास हरकत नाही.

कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या महागावच्या शेतकऱ्याला मात्र हा सिद्धांत पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. बोगस बियाण्याची पिशवी दिसावयास खऱ्यासारखीच असते. दोष कळतो तो पाऊस पडून गेल्यावर, उगवण झाली नाही म्हणजे. आणि तोपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. बनावट बॅटरीचेही तसेच आहे. दुकानात ती संचात नीट बसते, दिवाही लागतो. तिचा दोष उघड होतो तो पुराच्या रात्री.

कनिष्ठ दराचा मोह

सरकारी व निमसरकारी कार्यालयांत अशी किरकोळ खरेदी दरपत्रके मागवून होते, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून माल घेण्याकडे स्वाभाविक कल असतो. हा नियम वाईट हेतूने झालेला नाही. वशिलेबाजीला आळा बसावा हाच त्यामागील उद्देश आहे. तथापि, कमी दर हे तेव्हाच गुणाचे लक्षण ठरते, जेव्हा सर्वजण एकच वस्तू विकत असतात. ‘वॉकीटॉकीची बॅटरी, नग दहा’ एवढेच मागणीपत्रात लिहिले, तर अस्सल माल विकणारा प्रामाणिक व्यापारी स्पर्धेत हरणार, हे ओघानेच आले.

हिशेबाच्या दृष्टीनेही ही काटकसर खोटी आहे. समजा, अस्सल बॅटरी ३,००० रुपयांस मिळाली आणि तीन वर्षे चालली. तर वर्षाचा खर्च १,००० रुपये झाला. नकली बॅटरी ९०० रुपयांस मिळाली आणि आठ महिन्यांत निकामी झाली, तर वर्षाचा खर्च १,३५० रुपये होतो. यात पुनःपुन्हा करावयाच्या पत्रव्यवहाराचे श्रम धरलेले नाहीत, आणि संच ऐनवेळी बंद पडण्याचा धोका तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. या व्यवहारातील खरा अन्याय असा की, ज्याने दर वाचविला त्याच्या पदरी शाबासकी येते आणि त्या बचतीची किंमत पाण्यात उभा असलेला शिपाई मोजतो.

पारख कशी करावी?

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हमीवर पर्यायी बॅटरी बनविणारा उत्पादक लबाड नव्हे. दुसऱ्याचे नाव छापून विकलेला माल बनावट. आणि नाव कोणाचेही असो, सांगितलेली क्षमता ज्यात नाही तो माल निकृष्ट. पहिल्यात फसवणूक नावाची, दुसऱ्यात गुणाची. आणि पुष्कळदा दोन्ही एकत्रच नांदतात.

बॅटरीची पारख वेष्टनापासून सुरू होते. पुसट छपाई, स्पेलिंगच्या चुका, सर्व नगांवर एकच अनुक्रमांक, होलोग्रामऐवजी नुसता चकचकीत कागद, ही संशयाची लक्षणे होत. भारतात अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकचिन्हाखाली ‘आर’ हे अक्षर व आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर कोणालाही पडताळून पाहता येतो. त्यानंतर वजन करावे. अस्सल नगापेक्षा नवा नग लक्षणीय हलका भरला, तर आत लहान किंवा जुने सेल दडविले आहेत असे समजावे. छापलेली क्षमताही तारतम्याने वाचावी. अनेक बॅटऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या १८६५० मापाच्या लिथियम सेलची क्षमता नामांकित कंपन्यांच्या मालातही साधारणतः ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. असे दोन सेल एकामागून एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होते, क्षमता नव्हे. तेव्हा अशा बॅटरीवर ५,००० किंवा ६,००० चा आकडा छापलेला असेल, तर तो आकडाच फसवणुकीची कबुली देतो.

परंतु खरी कसोटी भाराखालची. पाच वॅटचा संच नुसता ऐकत असताना अगदी थोडी वीज घेतो. बोलण्याचे बटण दाबताच मात्र तो सुमारे दीड अँपिअर प्रवाह ओढू लागतो. निकृष्ट बॅटरीचे व्होल्टेज विश्रांतीत पूर्ण दिसते आणि बटण दाबताच कोसळते. म्हणून ‘दिवा लागतो का’ एवढे पाहून नग स्वीकारणे म्हणजे बैलाला जुंपून न पाहताच बाजारातून घरी आणण्यासारखे आहे. स्वस्त बॅटऱ्यांत कित्येकदा अतिभार आणि अतिउष्णता यांपासून वाचविणारे संरक्षक मंडलच नसते; अशी बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवणे आगीला आमंत्रण होय. कोळसा खाणीसारख्या ठिकाणी, जेथे ज्वालाग्राही वायूचे भय असते, तेथे ठिणगी न पडण्याची हमी असलेल्या खास बॅटरीऐवजी साधी बॅटरी बसविणे हा तर जिवाशी खेळ आहे.

अँटेनाची गोष्ट याहून फसवी. व्हीएचएफ संच साधारणतः १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, तर यूएचएफ संच ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दोहोंच्या अँटेना दिसावयास सारख्या आणि पुष्कळदा एकाच आट्यावर बसणाऱ्या असतात. चुकीची अथवा निकृष्ट अँटेना लावली, तर शक्ती हवेत जाण्याऐवजी संचात परत येते. पल्ला घटतोच, शिवाय शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जळण्याचा संभव असतो. एसडब्ल्यूआर मीटरवर ही चूक काही मिनिटांत पकडता येते. खांद्यावर लावावयाच्या माईकचे बटण निकृष्ट असेल, तर ते दाबलेल्या स्थितीतच अडकते आणि एका संचामुळे सबंध वाहिनी बंद पडते. दुरुस्तीसाठी घेतलेल्या ट्रान्झिस्टरबाबतही सावध असावे. जुन्या किंवा हलक्या नगावरील मूळ अक्षरे घासून त्यावर नवे नाव छापण्याची युक्ती जगभर चालते. ॲसिटोनच्या बोळ्याने अक्षरे वा वरचा लेप निघाला, पायांवर जुन्या डाखाचे अवशेष दिसले, की माल परत करावा.

बलाढ्यांचीही तीच गत

ही फसवणूक आडवळणाच्या तालुक्यालाच भोगावी लागते असे नव्हे. अमेरिकेच्या सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लष्करी पुरवठ्यातील संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली होती, आणि अशा भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. १८ सप्टेंबर २०२४ रोजी लेबनॉनमध्ये वॉकीटॉकींचे स्फोट झाले. ते मुद्दाम घडविलेले होते, निकृष्टतेचा तो परिणाम नव्हता. परंतु त्या संचांवर ज्या जपानी आयकॉम कंपनीचे नाव होते, तिने दिलेला खुलासा उद्बोधक आहे. ‘आयसी-व्ही८२’ या संचाचे व त्याच्या बॅटरीचे उत्पादन सुमारे दहा वर्षांपूर्वीच थांबले असून, बनावट माल ओळखण्यासाठीचा होलोग्राम त्या संचांवर नसल्यामुळे ते आपलेच आहेत किंवा कसे हे सांगता येत नाही, असे कंपनीने कळविले. स्वतःच्या नावाचा माल खुद्द कंपनीला ओळखता येऊ नये, यावरून साध्या ग्राहकाच्या अडचणीची कल्पना यावी.

याच घटनेत दुसरे एक सत्य दडलेले आहे. संच चालू असतो आणि कंपनी त्याचे भाग बनविणे थांबवते. किंवा बनविते, पण त्यांची किंमत भरमसाट ठेवते. अशी पोकळी निर्माण झाली की बनावट माल ती भरून काढतो. तेव्हा दोष एकट्या भामट्याचा नाही, तो काही अंशी मूळ उत्पादकाचाही आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाईल, मोटारी यांच्याबरोबरच आपत्तीत लागणाऱ्या अशा साधनांचाही त्या दिशेने विचार झाला पाहिजे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारातील बेकायदा वॉकीटॉकी विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, हे योग्यच झाले. परंतु त्यांचा भर संचांच्या परवान्यावर आणि वारंवारतेवर आहे. सुट्या भागांच्या दर्जाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये बनावट माल विकणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. मात्र पावती, नमुना आणि चाचणीची नोंद हाती नसेल, तर कायदाही हतबल होतो.

कार्यालयाच्या हाती काय आहे?

उपाय फार खर्चाचे नाहीत. मागणीपत्रात बॅटरीचा प्रकार, व्होल्टेज, क्षमता, नोंदणी क्रमांक आणि हमीचे महिने स्पष्ट लिहावेत. एक नमुना नग मोहोरबंद करून भांडारात ठेवावा. माल आल्यावर काही नगांची भाराखाली चाचणी झाल्याशिवाय देयक मंजूर करू नये. प्रत्येक बॅटरीचा अनुक्रमांक आणि वापरास दिल्याची तारीख नोंदवहीत लिहावी. म्हणजे कोणत्या पुरवठादाराचा माल किती दिवस टिकला हे पुढच्या खरेदीत आकड्यांनीच बोलेल. निर्लेखित केलेल्या अस्सल बॅटऱ्यांची कवचे जशीच्या तशी भंगारात देऊ नयेत. नकली माल भरावयास तीच कामास येतात. त्यांची रीतसर विल्हेवाट लावावी.

चाचणी कोणी करावी, असा प्रश्न विचारला जाईल. यवतमाळला शासकीय तंत्रनिकेतन आहे, महागावच्या शेजारी पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षी मृगापूर्वी तालुक्यातील पोलीस, महसूल आणि वन खात्याच्या संचांची तपासणी तेथील विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केली, तर विद्यार्थ्यांना जिवंत प्रात्यक्षिक मिळेल आणि कार्यालयांना निःपक्ष अहवाल. त्यासाठी पत्रव्यवहार आणि थोडी इच्छाशक्ती यापलीकडे फारसे काही लागणार नाही.

लेखापरीक्षक आज विचारतात, ‘सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारले काय?’ प्रश्न रास्त आहे. पण तो अपुरा आहे. ‘घेतलेली वस्तू किती दिवस चालली आणि ती गरजेच्या वेळी चालली काय?’ हा दुसरा प्रश्न त्याला जोडला गेला पाहिजे. ज्या दिवशी नोंदवहीत या प्रश्नासाठी एक रकाना आखला जाईल, त्या दिवशी बनावट मालाचा दर आपोआप महाग दिसू लागेल.