आधी पाना, मग पॉइंटर!

मित्रांनो, एक साधा प्रश्न. आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात इनटेक मॅनिफोल्डची आकृती किती जणांना काढता येते? सगळ्यांना! आणि तो हाताने किती जणांनी खोललाय? मागच्या उन्हाळ्यापर्यंत मीही त्यातलाच होतो. आय. सी. इंजिनमध्ये मार्क चांगले, पण पाना कधी धरलेला नाही.

सुट्टीत चामोर्शीला घरी गेलो. बाबांची 2004 ची मारुती 800 अंगणात उभी होती. 1983 मध्ये आलेली ही गाडी बनणं 2014 च्या सुरुवातीला थांबलं, पण आमच्याकडे अजून बऱ्याच घरी ती चालते. आयडलिंग उगाच चढायचं आणि बॉनेट उघडलं की "सुस्स" असा आवाज. एका गॅरेजवाल्याने न ऐकताच मोठा खर्च सांगितला. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर होऊन राह्यला ना? मग पाय बरं!"

आता आली का पंचाईत! शेवटी गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना गाठलं. काका आठवी शिकलेले. त्यांनी मॅनिफोल्डच्या जोडावर पाण्याचा हलका फवारा मारला, आवाज क्षणभर बदलला. "गॅस्केट गेलं बाबू." थ्रॉटलला बगल देऊन हवा आत जात होती. मी हेच पेपरात लिहिलं होतं, पण ऐकलं पहिल्यांदाच.

मग खोलायला घेतलं. इंजिन पूर्ण थंड. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. प्रत्येक होज आणि कनेक्टरचा मोबाइलवर फोटो, त्यावर चिकटपट्टी आणि नंबर. नट बाहेरून आत या क्रमाने थोडे थोडे सैल केले. मॅनिफोल्ड निघाला आणि मी खूष!

तेवढ्यात एक नट हातातून सुटला, थेट इनटेक पोर्टमध्ये. पोर्टात कापडाचे बोळे घालायचे असतात, हे काकांनी सांगितलं होतं. मी घाईत विसरलो. नशीब, त्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद होता. उघडा असता तर नट पिस्टनवर गेला असता आणि हेडच उतरवावं लागलं असतं. काकांनी जुन्या स्पीकरचं चुंबक लांब स्क्रू ड्रायव्हरला लावून नट अलगद वर काढला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बोल्ट जोरानं नाही, अंदाजानं कसाचा. अन् भोक पहिले बुजवाचं."

जुनं गॅस्केट एका कोपऱ्यात फाटलं होतं. ॲल्युमिनियमवर ओरखडा न येऊ देता जागा साफ केली, नवं गॅस्केट बसवलं आणि आता उलट क्रमाने, मधून बाहेर, नट कसले. गाडी सुरू केली. "सुस्स" गायब!

सांगायचं तात्पर्य, काकांचा 'अंदाज' म्हणजे आपला टॉर्कच. त्यांना आकडा ठाऊक नाही, आपल्याला हात ठाऊक नाही. दोन्ही एकत्र आले तरच इंजिनिअर होतो. आमच्या तालुक्यात कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा राहिलाय. तिथे आपल्या पोरांनी फक्त गेटबाहेर उभं राहायचं नसेल, तर नुसती डिग्री पुरणार नाही.

म्हणून सरांना नम्र विनंती. लॅबमधलं रंगवलेलं कट-सेक्शन मॉडेल राहू द्या, पण शेजारी भंगारातलं एक इंजिनही आणा. प्रत्येक बॅचने ते पूर्ण खोलावं, जोडावं आणि सुरू करून दाखवावं. सुरू झालं तरच सबमिशनवर सही! आणि सेमिस्टरमधून एक दिवस अशा एखाद्या मिस्त्रीकाकांना खुर्ची देऊन बोलवा. पॉइंटर काढायला वर्षं पडलीत, नट मात्र एकदा तरी हातातून पडू द्या!