पाठीवर शेळी, योग वाऱ्यावर

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २०१६ मध्ये ‘गोट योगा’ नावाचा प्रकार जन्माला आला. मोकळ्या रानात चटया अंथरायच्या, माणसांनी आसने करायची आणि करडांनी त्यांच्या पाठीवर उड्या मारायच्या! पाहता पाहता हे लोण अरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशातही पोहोचले. कुत्र्याच्या पिल्लांसह योग आणि बिअरचा पेला हाती धरून योग, हे याच माळेचे मणी.

करडांच्या सहवासात कोणाला चार घटका विरंगुळा लाभत असेल, तर त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न नावाचा आहे. खेळाला खेळ म्हणावे. योग का म्हणावे? पतंजलींच्या अष्टांगांत आसनाचा क्रम तिसरा आणि त्याच्या विवेचनाला सूत्रे अवघी तीन. पहिले अंग यम आणि यमांतही प्रथम अहिंसा. मुक्या जिवाला तिकीट लावून अनोळखी हातांत देणे या पहिल्या पायरीवर तरी बसते काय? इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये योगवर्गांत कुत्र्याची पिल्ले वापरण्यास मनाई केली. पतंजलींच्या देशाला हे आधी सुचावयास हवे होते!

मात्र केवळ परदेशाकडे बोट दाखवून भागणार नाही. २६ आसने व दोन श्वसनक्रियांच्या क्रमावर स्वामित्वहक्क सांगणारे बिक्रम चौधरी जन्माने कोलकात्याचे. अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये तो दावा फेटाळला. कायदा मालकी रोखतो. थिल्लरपणा रोखू शकत नाही. त्यावर उतारा एकच : अस्सल योग सर्वांच्या आवाक्यात आणणे.

मुंबईला ही वाट नवी नाही. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या वास्तूत, गृहस्थाश्रमी माणसासाठी योगसंस्था सुरू केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासले; गिरगाव चौपाटीनजीक मरीन ड्राइव्हवर त्या संस्थेचे केंद्र आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. तेथेच आयुष्यभर मल्लखांब शिकविणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यासाठी कोणाला शेळी आणावी लागली नाही.

आज परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी टोलेजंग मनोरे उभे आहेत. तेथील वातानुकूलित वर्गांचे शुल्क चाळीतल्या कुटुंबाला परवडणारे नाही. मग त्या घरातील मुलीने प्राणायाम शिकावा कोठे? गणेशोत्सवात अफाट गर्दी शिस्तीने हाताळणाऱ्या मंडळांना वर्षभर रोज सकाळी एक तास सतरंजी अंथरणे अशक्य आहे काय? जागा आहे, कार्यकर्ते आहेत, जाणते शिक्षकही आहेत. हवा आहे तो संकल्प.

आपल्या अंगणात योग शिकविला गेला नाही, तर तो बाजारात विकला जाणारच. मग त्याच्या पाठीवर शेळी चढली म्हणून संतापण्याचा अधिकार तरी कोणाला उरतो?