तीन भोकं आणि एक काका

तुमच्या घरातल्या शोकेसमध्ये काय काय आहे? गणपती, सिंगापूरहून आणलेला मर्लायन, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेलं चांदीसारखं काहीतरी. नौपाड्यात आमच्या काकांच्या शोकेसमध्ये एक पाइप स्टँड आहे. सहा खाचांचा, सहाही रिकाम्या. 1998 साली डॉक्टरांनी काकांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला. बायॉप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत काकूंनी देव पाण्यात ठेवले. रिपोर्ट चांगला आला आणि त्याच संध्याकाळी सहाच्या सहा पाइप कचऱ्यात गेले. (टाकले कुणी, ह्यावर घरात अजून दोन मतं आहेत.) त्यानंतर काकांनी एक झुरका घेतलेला नाही.

काका टूलरूमवाले. सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, मायक्रोमीटर हातात धरून. आता वय 76, मागच्या वर्षी बायपास झाली आणि हातांना काही कामच उरलं नाही. टीव्हीचा रिमोट उघडून परत बंद करायचा, एवढाच उद्योग. मी सहज विचारलं, "काका, कॉलमसाठी काहीतरी हाताने करायचंय. काय करू या?"

"पाइप करू."

काकूंनी चहाचा कप असा काही ठेवला की बशीला तडाच जायचा. "ते थेर पुन्हा ह्या घरात नकोत."

"अगं, ओढायला नाही. करायला!"

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हा कॉलम तंबाखूची जाहिरात नाही. पाइपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो सेफ, हा फंडा साफ चुकीचा आहे. तोंडाचा कॅन्सर व्हायला धूर छातीत जावा लागत नाही. पण वस्तू म्हणून पाइप फारच गोड आहे, आणि इंजिनिअरिंग म्हणून तर विचारू नका.

आपल्याकडचा मूळ पाइप म्हणजे चिलीम. मातीची, सरळसोट, आरपार एकच भोक. आत खडा टाकायचा, खाली ओली छापी गुंडाळायची, झालं. काकांचे आजोबा कल्याणला पारनाक्याच्या वाड्यात ओढायचे म्हणे. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारात ती 1604च्या सुमारास पोचली ती विजापूरहून, असद बेगच्या सामानातून. बादशहाने झुरका घेतला, हकिमाने लगेच हरकत घेतली. काकूंची परंपरा जुनी आहे!

साहेबी पाइपला मात्र एक नाही, तीन भोकं. तंबाखू भरायची खोली उभी, साधारण 19-20 मिलिमीटर रुंद. दांड्याच्या टोकाला स्टेम बसवायचं भोक, आठ मिलिमीटर. आणि ह्या दोघांना जोडणारी धुराची वाट, फक्त चार मिलिमीटर. ही वाट खोलीच्या बरोब्बर तळाशी, बरोब्बर मध्यावर उघडली पाहिजे. वर गेली तर तळाची तंबाखू जळत नाही, ओली राहते आणि पाइप गुडगुडतो. खाली गेली तर तळाला नुसती चर पडते. बाकी आकार, पॉलिश वगैरे सगळा मेकअप.

लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राकाठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी जी गाठ होते तिचं. ती खणून काढतात, ओली ठेवतात, कापून तासन्‌तास उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सुकवतात. एवढं सोसल्यावर ते लाकूड निखाऱ्याला दाद देत नाही. फ्रान्समधलं सेंट क्लोद गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ह्याच लाकडावर मोठं झालं. आमचा ठोकळा जर्मनीहून चुलतभावाच्या बॅगेतून आला, सोबत एबोनाइटचं तयार स्टेम. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, पूर्वी फाउंटन पेनं ज्याची व्हायची तेच.

बाकीचं सगळं सामान डोंबिवलीत. एमआयडीसीत माझ्या मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, रविवारी चालू असतं. लेथ, फोर-जॉ चक, ड्रिल, व्हाइस, आणखी काय पाहिजे? खोलीसाठी काकांनी हार्डवेअरच्या दुकानातून लाकडाचा चपटा ड्रिल आणला आणि त्याचं टोक ग्राइंडरवर घासून अर्धगोल केलं, म्हणजे तळ वाटीसारखा येतो. ते करताना त्यांचे हात बघायला हवे होते. बायपासनंतर कपसुद्धा थरथरतो, आणि इथे ग्राइंडरपाशी एकदम स्टेडी!

पहिला प्रयोग सागवानाच्या तुकड्यावर, फक्त भोकांच्या प्रॅक्टिससाठी. चारचा लांब ड्रिल लाकडात शिरला की पळतो. आमची वाट तळापासून तीन मिलिमीटर वर निघाली. काकांनी आत टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, "रिजेक्ट." दुसराही रिजेक्ट. तिसऱ्याला त्यांनी आधी सेंटर ड्रिलने खूण पाडली, ड्रिलवर खोलीच्या मापाला टेप चिकटवली, आणि थोडं आत, बाहेर, भुसा झटक, पुन्हा आत असं करत गेले. बरोब्बर मध्यावर!

आता खरा ठोकळा. पण काकूंनी परवानगी दिली होती ती एका अटीवर, तिसरं भोक पाडायचं नाही. म्हणजे पाइप दिसेल, ओढता येणार नाही. काका तेव्हा "बरं" म्हणाले होते. त्या रविवारी खोली झाली, स्टेमचं भोक झालं आणि काकांनी मशीन बंद केलं. ठोकळा चकमध्ये तसाच, अक्ष जुळलेला. एकदा काढला की पुन्हा तसा लागणं कठीण. हातात चारचा ड्रिल घेऊन काका पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिले. मी म्हटलं, पाडून टाका, कुणाला कळणार आहे? तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्पच.

मग त्यांनी फोन लावला. स्पीकरवर.

"अगं, ते तिसरं भोक..."

बराच वेळ काही नाही. मग काकू म्हणाल्या, "अर्धवट काम करून घरी आलात, तर पुढचे सहा महिने माझं डोकं खाल. पाडा. आणि मधोमध पाडा."

पुढचे पाच रविवार नुसतं घासकाम. खरखरीत कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर 220, 400, 600. (मास्क लावा, हा भुसा नाकात गेला की दिवसभर शिंका.) आकार बिलियर्ड, म्हणजे सरळ दांडा आणि सरळ वाटी, नवशिक्याने हाच करावा. चारशेच्या पेपरला वाटीच्या काठाजवळ टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा उघडा पडला. ब्रायरमध्ये असे खड्डे लपलेले असतातच. पुष्कळ जण पुटी भरतात. काकांनी भरली नाही. वार्निशही नाही, ते उष्णतेने फुगतं. कार्नोबा मेण लावलं आणि बफवर फिरवलं, बस्स. स्टेमची चूल किती घट्ट बसावी, ह्यावर काका आणि माझा मित्र तासभर भांडले. दोघंही खूश होते.

स्टँडच्या सहा खाचांपैकी एक आता भरलीय. पण नीट बघितलंत तर तिथे नुसती वाटी आणि दांडा आहे. स्टेम काकूंच्या कपाटात, लॉकरमध्ये, बांगड्यांच्या डबीशेजारी. किल्ली त्यांच्याकडे. पाहुणे आले की त्या स्वतः ते काढून आणतात, बसवून दाखवतात, भोक कसं मधोमध आलंय तेही सांगतात, आणि पाहुण्यांचा चहा व्हायच्या आत परत आत नेऊन ठेवतात.

काकांनी दुसरा ठोकळा मागवलाय.