संशोधनाला लोकांची साक्ष हवी

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. विभागातील शिक्षक, संशोधक आणि विद्यार्थी तिला उपस्थित राहू शकतात. प्रत्यक्षात त्या खोलीत बहुधा परीक्षक, मार्गदर्शक, चार सहकारी आणि उमेदवाराच्या घरची मंडळी एवढीच दिसतात. पुष्पगुच्छ दिले जातात, छायाचित्रे निघतात आणि अनेक वर्षांच्या कष्टाचा प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो. ज्या शेतकऱ्यांनी, कामगारांनी, रुग्णांनी त्यासाठी वेळ काढून प्रश्नावल्या भरून दिल्या, त्यांना निष्कर्ष काय निघाला हे सहसा कुणी कळवत नाही. विद्यापीठीय संशोधनाचे मोठे दुखणे हेच आहे. ज्यांच्याविषयी ते केले जाते, त्यांच्यासमोर ते उभे राहत नाही.

आपले लिखाण कुणी वाचणार नाही याची खात्री असली, की ते चोख करण्याची निकडही उरत नाही. निकृष्ट नियतकालिकांचा बाजार याच खात्रीवर वाढला. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या नियतकालिकांचा नमुना पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासला, तेव्हा त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके दर्जाहीन असू शकतात, असे २०१८ मध्ये समोर आले. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून वगळली. मग दर्जेदार नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. दरम्यान, पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांतून गेली. याद्या आणि सक्ती यांच्या भरवशावर संशोधनातला प्रामाणिकपणा टिकत नाही, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नसावी.

प्रामाणिकपणा टिकतो तो कामाला साक्षीदार असले की. याचे उत्तम उदाहरण पुण्यातच घडले आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली. समितीच्या कार्यकर्त्यांनी हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० जन्मवेळा जमवल्या. त्यांवरून कुंडल्या तयार झाल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, हे गुप्त राहील अशी व्यवस्था केली. ज्योतिषांना जाहीर आवाहन करून प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या आणि मूल हुशार की मतिमंद एवढेच विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर निघाली; नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. हा निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकांपर्यंतही पोहोचला. प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचा, माहिती लोकांनी जमवलेली, पद्धत काटेकोर आणि निकाल सर्वांसमोर. लोकांना सोबत घेतल्याने शास्त्र पातळ होत नाही, उलट कामात ढिलाईला जागा उरत नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

नारळीकरांनी ही वृत्ती आयुष्यभर जपली. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत. उत्तराखाली स्वाक्षरी मिळे. त्यांनी उभारलेल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने रुजली. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाला लोकांसाठी खुली होते आणि पंचक्रोशीतली शाळकरी मुले तिथे स्वतःचे प्रयोग मांडतात. पण या संस्था मोजक्या. महाराष्ट्रातले बहुसंख्य विद्यार्थी शिकतात ते राज्य विद्यापीठांत आणि त्यांच्याशी संलग्न महाविद्यालयांत. तिथल्या प्राध्यापकाने असे काही करायचे ठरवले, तर त्याच्या पदरात काय पडते?

आयोगाच्या बढतीविषयक २०१८ च्या नियमांतील संशोधन गुणांच्या तक्त्यात एका शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि भाषा-मानव्यविद्यांत १० गुण आहेत. ग्रामसभेत जाऊन निष्कर्ष समजावून सांगणे किंवा मराठी दैनिकात विषय सोपा करून लिहिणे, यांना त्या तक्त्यात जागा नाही. विस्तारकार्य आहे, पण ते दुसऱ्या तक्त्यात, परीक्षेच्या कामांच्या पंगतीला. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये वैज्ञानिक सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. संशोधकाने वर्षातले किमान १० दिवस समाजासाठी द्यावेत, अशी अपेक्षा त्यांत आहे. बढतीच्या गुणांत उमटत नाही तोवर ही अपेक्षा कागदावरच राहणार.

संशोधन करणाऱ्या तरुणांचाही विचार इथेच व्हायला हवा. ‘बार्टी’, ‘सारथी’, ‘महाज्योती’ या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी रस्त्यावर उतरावे लागले. ज्याला महिन्याचा खर्च कसा भागेल याची चिंता आहे आणि मार्गदर्शकाच्या मर्जीवर ज्याचे भवितव्य अवलंबून आहे, तो गृहीतक चुकले असे निर्भयपणे कसे लिहील? वेळेवर पैसे आणि नकारात्मक निष्कर्षही मान्य करणारा विभाग, या दोन्हींशिवाय निकोप संशोधन उभे राहत नाही.

विद्या परिषदांनी मनावर घेतले तर पुढल्या शैक्षणिक वर्षापासून तीन गोष्टी सुरू होऊ शकतात. प्रत्येक प्रबंधासोबत दोन पानांचा सोपा मराठी सारांश बंधनकारक करावा. मौखिक परीक्षेची तारीख आणि विषय वृत्तपत्रांना व संबंधित गावांना आधी कळवावेत. आणि ज्या लोकांकडून माहिती घेतली, त्यांना निष्कर्ष सांगितल्याचा पुरावा जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

वाचकांनाही एक काम आहे. प्रश्नावली घेऊन संशोधक दारात आला, तर त्याला जरूर वेळ द्या, मोकळेपणाने उत्तरे द्या. आणि तो निघण्यापूर्वी विचारा: निष्कर्ष सांगायला परत कधी येणार? तो तुमचा हक्क आहे.