हवामान-करार : मागील बाकी व चालू सारा

पृथ्वीवरील उष्णता वाढूं नये म्हणून जगांतील राष्ट्रें दरसाल एकत्र बसतात, तरी त्यांचा मेळ बसण्यास इतके सायास कां पडावेत? पावसाच्या लहरीचा पहिला फटका ज्यांस बसतो त्या आम्हां शेतकऱ्यांनीं हा प्रश्न परका मानूं नये.

या सभांत बहुमत चालत नाहीं. १९९२ सालच्या मूळ करारानंतर मतदानाचा नियम आजवर मंजूरच झाला नाहीं. सबब निर्णय सर्वसंमतीनें होतात.

महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आम्हांस यांतील मुख्य तंटा परिचयाचा वाटतो. जिराईत व बागाईत जमिनीस एकच आकार बसविणें न्याय्य नव्हे. मूळ करारांतही हेंच तत्त्व आहे: जबाबदारी सर्वांची, परंतु ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणें. १९९७ च्या क्योटो करारानें बंधनकारक आंकडे केवळ पुढारलेल्या राष्ट्रांस लावले. अमेरिकेनें त्यास अंतिम मान्यता दिलीच नाहीं. अखेर २०१५ सालीं पॅरिस येथें तोड निघाली: प्रत्येकानें आपला आंकडा आपणच लिहावा, व दर पांच वर्षांनीं तो वाढवावा.

परंतु आकार लिहिला म्हणजे वसूल झाला असें नव्हे. गरीब राष्ट्रांसाठीं २०२० पर्यंत दरसाल १०० अब्ज डॉलर उभारण्याचें वचन श्रीमंत राष्ट्रांनीं २००९ सालीं दिलें. त्यांच्याच संस्थेच्या हिशेबानें तो आंकडा प्रथम २०२२ मध्यें गांठला गेला, आणि त्यांतील मोठा भाग कर्जाचा होता. २०२४ सालीं बाकू येथें २०३५ पर्यंत दरसाल ३०० अब्ज ठरले, तेव्हां भारतानें उघड हरकत घेतली. ती रास्तच होती.

तथापि दुसऱ्याची थकबाकी दाखवून आपला चालू सारा चुकवितां येत नाहीं. वार्षिक मानानें आज चीन सर्वांत अधिक धूर सोडतो. भारताचा क्रमही वरचाच आहे. आपल्या भातखाचरांतूनही मिथेन वायु निघतो. सतत पाणी न तुंबवितां आलटून पालटून दिल्यास तो घटतो, शिवाय पाणी वांचतें. असें काम कोणाच्या सक्तीची वाट न पाहतां करावें.

पॅरिस करारान्वयें राष्ट्रांनीं दर दोन वर्षांनीं अहवाल द्यावयाचा असतो. त्यांत मागणी, वसूल व बाकी हे तीन रकाने सर्वांनीं खरे भरावेत. मागील बाकी नेटानें मागावी आणि चालू सारा वेळेवर भरावा. ज्याची पावती पुरी आहे, त्याच्याच मागणीस सभेंत वजन येतें.