धूर गेला, चिमूट राहिली

उचगावात चहाच्या गाड्यावर आज कुणी विडी पेटवली, की शेजारचा माणूस कप घेऊन दोन पावले बाजूला सरकतो. एका पिढीमागे असे कुणी करत नव्हते. एसटीत, पारावर, लग्नाच्या मांडवात धूर असायचाच. पाहुण्यापुढे पाण्याच्या तांब्यामागोमाग चंची सरकवणे ही रीत होती. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. थोडे काम कायद्याने केले, बरेचसे लोकलाजेने. हा बदल चांगला आहे आणि तो आपल्याच लोकांनी घडवला आहे.

त्याच गाड्यावर कुणी तळहातावर चुना-तंबाखू मळायला घेतली, तर मात्र शेजारचा बाजूला होत नाही. तो हात पुढे करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्याही आत निघाले. बार भरणारे, चघळणारे, मिसरी लावणारे चोवीस टक्क्यांच्या घरात. धुराची आपल्याला किळस आली, तंबाखूची आली नाही. पहाटे चुलीपुढे बसून मिसरी लावणाऱ्या आजीला कोणत्या घरात व्यसनी म्हणतात? तो शब्द आपण दारूसाठी आणि सिगारेटसाठी राखून ठेवला आहे. इकडे भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे.

तंबाखूशी या मुलखाची ओळख जुनी. पोर्तुगीजांनी ती आणली. अकबराच्या दरबारात त्याचा दूत असदबेग याने ती नेली, तीही विजापुरातून. दरबारच्या हकिमाने तेव्हाच विरोध केला होता आणि जहांगिराने १६१७ मध्ये बंदीचे फर्मानही काढले. उपयोग झाला नाही, कारण तोवर हे पीक शेतात रुजले होते. आपल्या गावाजवळून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग पुढे निपाणीला जातो. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर तंबाखू उत्पादक शेतकरी याच रस्त्यावर दिवसेंदिवस ठाण मांडून बसले होते. मागणी रास्त भावाची होती. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी जिवानिशी गेले. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायकांनीही त्याच सुमारास संघटना बांधली. त्यांच्यावर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट निघाला. तंबाखूची भुकटी त्यांच्या नाकातोंडात जायची आणि मजुरी तुटपुंजी होती. म्हणून तंबाखूविरुद्ध बोलताना पिकवणाऱ्याला आणि राबणाऱ्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हाला मान्य नाही. त्यांना दुसरे पीक, दुसरे काम मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे.

गावाची जबाबदारी वेगळी आहे आणि ती पार पाडायला मुंबईच्या आदेशाची गरज नाही. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत ती कुणालाच विकता येत नाही. हा कायदा सिगारेटइतकाच तंबाखूच्या पुडीलाही लागू आहे. तरीही ‘जा रे, पुडी घेऊन ये’ म्हणून पोराच्या हातावर पैसे ठेवणारे वडील घरोघर आहेत. ते पोर दुकानापर्यंत जाते, पुडी हातात घेते, वास ओळखू लागते. आणखी काही वर्षांनी त्याला ती वेगळी द्यावी लागत नाही.

उचगावकरांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शाळेच्या फाटकापासून टेप लावून ९१ मीटर मोजावे आणि त्याच्या आतली तंबाखूची विक्री बंद करावी. आणि आजपासून घरातल्या मुलाला पुडी आणायला पाठवू नये.