पोरांच्या तोंडी शिवी येते कुठून?

आपल्या जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक ठराव केला. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड! मुलांनी संध्याकाळी ७ ते ९ या अभ्यासाच्या वेळेत मोबाईल वापरू नये, असेही तेथे ठरले. पारावर ही बातमी ऐकून काहीजण हसले असतील. आम्हांस यात हसण्यासारखे काही दिसत नाही. भांडण दोन बाप्यांचे आणि शिवी मात्र घरात बसलेल्या बाईला, हे किती दिवस चालायचे?

परंतु दंडाचा धाक चावडीपुरता. उंबऱ्याच्या आत पावती फाडायला ग्रामपंचायत येत नाही, आणि पोर शिवी शिकते ते बहुधा तिथेच. बैल अडला की शिवी, भाकरी करपली की शिवी, लाईट गेली की शिवी. लेकरू कोपऱ्यात बसून ऐकत असते. पुढे तेच शब्द शाळेच्या पटांगणात त्याच्या तोंडून निघाले, की आपणच विचारायला जातो, "गुरुजी, तुम्ही शिकवता तरी काय?" आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

राजूर परिसरातील शेतकऱ्याला हे फोड करून सांगायला नको. येथले डांगी जनावरांचे प्रदर्शन नावाजलेले आहे. भर पावसात भाताच्या चिखलात राबणारा हा बैल. पण नवा गोऱ्हा औताला धरायचा तर जाणता शेतकरी त्याच्या शेजारी दुसरा अवखळ गोऱ्हा जुंपत नाही. जुना, शांत बैल जोडीला देतो. नुसता आसूड ओढला तर जनावर बुजते आणि खोड लागते ती कायमची. जनावराच्या बाबतीत आपण एवढा विचार करतो, तर पोटच्या पोराच्या बाबतीत का नको? घरातली मोठी माणसे हाच त्याचा जोडीचा बैल होय.

आपल्या आदिवासी भागात आणखी एक अडचण आहे. अनेक मुले आश्रमशाळेत राहतात, घरी येतात ती दिवाळीत नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत. कित्येकांचे आईबाप मजुरीसाठी नारायणगाव-जुन्नरकडे गेलेले असतात. एकत्र राहण्याचे दिवस आधीच थोडे, तेही रागावण्यात जातात. पोराने वासराला पाणी दाखवले, शेजारच्या म्हातारीला हंडा भरून दिला, तर कोणी बोलत नाही. चुकले की मात्र सगळे घर बोलते. हे उलटे करून पाहावे.

याला पैसा लागत नाही. घरातले एखादे काम मुलाच्या नावावर करून द्यावे. हंडा मुलानेही उचलावा, मुलीनेच का? चांगले वागले तर नुसते "शहाणा माझा" म्हणून सोडू नये, काय चांगले केले ते सांगावे. "आजीला आधी वाढलंस, बरं केलंस," एवढे पुरे. चुकल्यास चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन समज द्यावी. आणि बापाच्या तोंडून शिवी गेलीच, तर त्याने पोरांदेखत "चुकलं माझं" म्हणावे. त्याने बापाची पत कमी होत नाही.

सरपंच, सदस्य व गावकारभाऱ्यांनाही एक सांगणे आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा तर घ्यावीच लागते. सौंदाळ्यासारखा ठराव एखाद्या सभेत जरूर मांडावा. मात्र मांडणाऱ्याने तो आधी महिनाभर आपल्या घरी पाळून पाहावा. ग्रामसभेत कोण कोणाला काय बोलतो, हे खिडकीबाहेर उभी असलेली पोरंही ऐकत असतात.